संतांच्या ग्रंथांत मिळालेल्या वाटा
(शताब्दी सप्ताहात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



जमलेल्या माय-माउल्यांनो, विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले मंडळींनो, आणि कर्जत-खालापूरच्या गावागावांतून, वाड्यावस्त्यांवरून आलेल्या ग्रामस्थांनो,

सप्ताहात कीर्तने झाली, रोज हरिपाठ चालला आहे, उद्या काला आहे. मधल्या या दुपारी जरा वेगळे बोला, असे मंडळींनी आम्हाला सांगितले. म्हणून आज अभंग सोडवायला न घेता आम्ही एक प्रश्न घेऊन उभे आहोत. आपल्या संतांच्या ग्रंथांत इतक्या वेगवेगळ्या वाटा एकत्र कशा आल्या? नाथांचा योग आहे, शिव आहे, विष्णू आहे, बुद्धाचे नाव आहे, शेख महंमदांसारखा मुसलमान संत आहे. ही नुसती सरमिसळ म्हणायची, का तिला काही रीत आहे? असा प्रश्न आज का घ्यावासा वाटला, ते पुढे सांगू. आधी आपल्या मुलखातून निघू.

राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी आहेत. कोंदिवड्याकडच्या मंडळींनी तर लहानपणी तिथे गुरे चारली असतील. दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध भिक्षूंचे ते ठिकाण. चैत्याचा दर्शनी भाग पाहिला तर लाकडाचे घर दगडात उतरवल्यासारखा दिसतो. तिथे एक मोठी भंगलेली मूर्ती आहे आणि तिच्याजवळ ब्राह्मी लिपीतली एक ओळ. काम करणाऱ्याने आपले नाव सांगितले आहे बालक, आणि गुरूचे नाव सांगितले आहे कान्ह. बुद्धाच्या लेण्यावर कान्ह्याचे नाव! यावरून कोणी मोठा सिद्धांत काढू नये. नाव ते नाव. पण घाम गाळून डोंगर कोरणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या आधी गुरूचे नाव सांगावेसे वाटले, हे आम्हाला फार आपले वाटते. आपल्या संतांनीही तेच केले. हे भिक्षू चालणारे लोक होते, फक्त पावसाळ्यात एका जागी थांबत. आपले उलटे, पाऊस लागला की आपण निघतो! असो.

आता दुसरीकडे बघा. खांडसवरून शिडी घाटाने नाहीतर गणपती घाटाने माणसे भीमाशंकरला चढतात. महाशिवरात्रीला चढणारा आणि एकादशीला गळ्यात तुळशीची माळ घालून उपास करणारा आपल्याकडे बहुतेक एकच माणूस असतो. त्याला कोणी विचारत नाही, की बाबा तू शैव का वैष्णव? विचारले तर तो म्हणेल, मी शेतकरी. आणि साजगावचा विठोबा तर तुमच्या दारातला. कार्तिकात आळंदीला सोहळा असतो त्याच सुमाराला तिथे जत्रा भरते. तुकोबा मिरचीच्या व्यापाराला घाट उतरून इकडे यायचे, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे बुद्धाचे भिक्षू, शंकराचे यात्रेकरू आणि तुकोबाची गोणी, सगळे याच घाटवाटांच्या मुलखात. आपली दिंडी शंभर वर्षे याच मुलखातून चालते आहे.

आता जरा लांब, चीन देशात जाऊ. घाबरू नका, पायीच जायचे आहे.

त्या देशात फार पूर्वीपासून तीन वाटा. एक कन्फ्युशिअसची: आईबापांचा मान, राजाशी इमान, गुरूशी मर्यादा, घर आणि समाज नीट चालवणे. दुसरी ताओची, तिचा मूळ पुरुष लाओ त्से. तिच्यात निसर्गाच्या ओघाशी जुळवून घेणे आहे, श्वासाची साधना आहे, अमर होण्याचे प्रयोग आहेत. आपल्या नाथ-सिद्धांची आठवण व्हावी अशी. तिसरी बुद्धाची, आपल्या देशातून गेलेली. या तिघांची भांडणेही झाली. इसवी सन ८४५ मध्ये एका बादशहाने बौद्ध विहार मोडले, भिक्षूंना जबरदस्तीने संसारात परत पाठवले. पण गोष्टी सांगणाऱ्यांनी तिघांना एकत्र चालवले. तिकडे एका चित्राची फार आवड आहे. एक बौद्ध साधू नेम करतो, की आश्रमाजवळचा ओढा कधी ओलांडायचा नाही. एकदा ताओपंथी आणि कन्फ्युशिअसच्या विद्येत वाढलेला कवी असे दोघे मित्र भेटायला येतात. निरोप देता देता गप्पा इतक्या रंगतात, की पूल कधी मागे पडला ते साधूला कळत नाही. रानात वाघ डरकाळी फोडतो, तेव्हा तिघांच्या लक्षात येते आणि तिघेही खो खो हसतात. इतिहास बघायला गेले तर ही भेट जमत नाही, पण लोकांना ती व्हायला हवी होती.

त्याच देशातला एक भिक्षू, युआन श्वांग. जुन्या शाळेच्या पुस्तकात आपण त्याला ह्युएन त्संग म्हणून वाचले. सातव्या शतकात तो ग्रंथ शोधायला पायी भारतात आला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. तो आपल्या महाराष्ट्रातही आला होता, पुलकेशी राजाच्या काळात. इथले लोक उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेणारे, असे त्याने लिहून ठेवले. (दुसरी गोष्ट अजून खरी आहे, ग्रामपंचायतीची निवडणूक बघा.) त्याने आणखी एक नोंद केली, ती महत्त्वाची. या देशी शंभरेक विहार आहेत आणि देवांची देवळेही शंभरेक. दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती.

पुढे हजारभर वर्षांनी, १५९२ साली, चीनमध्ये या यात्रेवर शंभर अध्यायांची एक कादंबरी छापली गेली. पश्चिमेची यात्रा, असे तिचे नाव. तिकडून आपण पश्चिमेला ना! ती म्हणजे एक दिंडीच आहे. पुढे भिक्षू पांढऱ्या घोड्यावर, बरोबर तीन शिष्य. एक माकड, सुन वुखोंग, महाबळी आणि महाखोडकर; आपल्या मारुतीरायाचा भाऊबंद शोभेल असा. एक डुकराच्या तोंडाचा खादाड, पंगत दिसली की तिथेच बसणारा. आणि एक गुमान ओझे वाहणारा. प्रत्येक दिंडीत हे तिघे असतात, नावे घेत नाही.

आता यात तीन वाटा कशा मिळाल्या ते बघा. चालतात बुद्धाच्या ग्रंथांसाठी. पण त्या माकडाची सिद्धी, बहात्तर रूपे घेण्याची विद्या, ती ताओच्या साधनेतली. शिकवणाऱ्या गुरूचे नाव मात्र बुद्धाच्या एका शिष्याचे, सुभूती. आणि अख्खी दिंडी धरून ठेवणारा धागा कन्फ्युशिअसचा: बादशहाला दिलेला शब्द पाळायचा, गुरू चुकला तरी त्याला टाकायचे नाही. एका राज्यात लबाड ताओपंथी राजाला नादी लावून भिक्षूंना छळत असतात. माकड त्यांचा पाडाव करते. पण जाताना राजाला सांगते काय? ताओवाल्यांना हाकलून दे, असे सांगत नाही. तिन्ही वाटांचा मान राख, असे सांगते.

शेवट तर आपल्या माणसाने ऐकलाच पाहिजे. चौदा वर्षे चालून बुद्धापाशी पोचतात. ग्रंथ मिळतात. वाटेत उघडून बघतात तो सगळी पाने कोरी! दक्षिणा दिली नाही म्हणून तिथल्या दोघा शिष्यांनी कोरे ग्रंथ बांधून दिलेले. देवाच्या दारीही बडव्यांचा हिशेब चुकत नाही. तक्रार केल्यावर बुद्ध हसून म्हणतो, अरे, खरे ग्रंथ तर कोरेच आहेत. पण तुमच्या लोकांना ते वाचता येणार नाहीत, तेव्हा अक्षरांचे घेऊन जा. पुढे हिशेब लागतो, की संकटे ऐंशीच झाली, एक कमी पडते. म्हणून परतताना आणखी एक घडवून आणतात, सगळे नदीत पडतात, ग्रंथ भिजतात, खडकावर वाळत घालावे लागतात. इंद्रायणीच्या काठी हे ऐकताना कोणाची आठवण होते, ते आम्ही सांगायला नको.

कोरा कागद म्हटल्यावर तुमच्या ओठावर चांगदेव आले असतील. येऊ द्या. कारण आता आपण घरी परत आलो.

चांगदेव मोठे योगी. चौदाशे वर्षे जगलेले, असे कथा सांगते. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र पाठवले ते कोरे. मायना काय लिहावा? लहान म्हणावे तर ज्ञानाने मोठा, मोठा म्हणावे तर वयाने पोर. मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितले, आणि पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी झाली. चिनी गोष्टीत कोरे पान बुद्धाकडून येते आणि माणसाला ते पेलत नाही. आपल्या गोष्टीत कोरे पान शिष्याकडून येते आणि गुरुघर ते भरून परत पाठवते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: सिद्धी असलेला माणूस खोटा ठरवलेला नाही. चांगदेवांचा योग कोणी काढून घेतला नाही. वाघ खाली उभा राहिला, चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले, आणि योगी ते योगीच राहिले.

इथेच आम्हाला ती रीत सापडते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९०. गीतेवरचा ग्रंथ, गीता श्रीकृष्णाची. आणि शेवटी, अठराव्या अध्यायात, माउली आपली गुरुपरंपरा सांगतात ती कोणाची? आदिनाथ म्हणजे शंकर, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. विष्णूचा ग्रंथ आणि शिवाची परंपरा! सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे सगळे वर्णन आहे. आसन कसे घालावे, श्वास कसा आवरावा, शक्ती कशी जागी होते. नाथपंथात हे गुरूने शिष्याच्या कानात सांगायचे. माउलींनी ते मराठीत, चारचौघांत, नेवाशाच्या त्या सभेत सांगितले. त्या योगाला त्यांनी पंथराज म्हटले आहे, म्हणजे वाटांचा राजा. कमी लेखले नाही. पण नांगर धरणाऱ्याला, दळण दळणारीला रोज इतका वेळ आसन घालून बसता येईल का? म्हणून त्याच ग्रंथात नामाची, भक्तीची वाट सगळ्यांसाठी मोकळी केली. राजाचा मान राजाला, आणि हमरस्ता सगळ्यांना. अमृतानुभवात तर सुरुवातच शिव आणि शक्तीपासून आहे, आणि शिवसूत्राचे नाव घेऊन ते बोलतात. पुढे निवृत्तिनाथांची समाधी झाली ती त्र्यंबकेश्वरी, ज्योतिर्लिंगाच्या गावी. आळंदीतही माउलींच्या समाधीशेजारी सिद्धेश्वर आहेच. आपण दर्शनाला उभे राहतो, तेव्हा तोही दिसतो. बघत नाही एवढेच.

या मिळवण्यात लपवाछपवी नाही, माउली. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव घेतले आहे. गहिनीनाथांचे नाव बदलून त्यांना एखादा वैष्णव अवतार करणे सोपे होते. ते केले नाही. कोंढाण्याच्या बालकाने कान्हाचे नाव कोरले, तसे माउलींनी नाथांचे नाव ग्रंथाच्या शेवटी कोरले.

हीच रीत पुढे चालली. नामदेवरायांना देवानेच विसोबा खेचरांकडे पाठवले, आणि विसोबा निजले होते ते पिंडीवर पाय ठेवून. ती गोष्ट तुम्हाला पाठ आहे. नरहरी सोनारांचीही आहे. कट्टर शैव, पंढरीत राहून विठोबाचे तोंड बघायचे नाहीत. डोळे बांधून देवाच्या कमरेचे माप घ्यायला गेले, हाताला पाच मुखे लागली, साप लागला, व्याघ्रांबर लागले. पट्टी सोडली तर समोर विठोबा. कीर्तनात आपण इथे टाळी घेतो आणि पुढे जातो. पण थोडे थांबून बघा. नरहरींच्या हाताला लागला तो खोटा शंकर नव्हता. देवाने त्यांना तुझा शंकर चुकीचा, असे सांगितले नाही. त्यांच्या हातांनी तोच शंकर त्यांना भेटवला.

एकनाथ महाराजांविषयी थोडेच बोलतो, कारण परवाच्या कीर्तनात त्यांच्यावर भरपूर झाले. त्यांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून ती आपल्यापर्यंत नीट आली, हे उपकार आहेतच. पण त्यांच्या भारुडातला हिंदू आणि तुर्क यांचा वाद जरूर वाचा. दोघे चांगले कडकडून भांडतात, एकमेकांच्या देवधर्माची उणीदुणी काढतात, आणि भांडून झाल्यावर जवळ येतात. आधी भांडू दिले आहे, हे आम्हाला फार आवडते. आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी योगसंग्राम लिहिला, ते मुसलमान राहूनच आपले संत झाले.

आणखी एक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई, शिऊरच्या. आपली परंपरा सांगताना त्याही थेट आदिनाथांपासून सुरुवात करतात आणि तुकोबांपर्यंत येतात. त्यांनी वज्रसूची या संस्कृत ग्रंथावर अभंग केले. ब्राह्मण कोणाला म्हणावे? जन्माने, देहाने, विद्येने, कशाने? एकेक घेऊन तो ग्रंथ खोडत जातो. याच नावाचा आणि याच युक्तिवादाचा ग्रंथ बौद्धांकडे आहे, अश्वघोषाच्या नावावर. त्याचे भाषांतर हजार वर्षांपूर्वी चिनी भाषेतही झाले. म्हणजे जो प्रश्न डोंगर-वाळवंट ओलांडून चीनला गेला, तोच सतराव्या शतकात एका ब्राह्मण घरातली बाई, शूद्र म्हणवणाऱ्या तुकोबांना गुरू करून, मराठीत मांडत होती. नवऱ्याचा मार खाऊन मांडत होती, हेही विसरू नका.

आता सुरुवातीला टाळलेली गोष्ट सांगतो.

गेल्या कार्तिकात घाट चढताना एक तरुण पखवाजवाला आमच्याबरोबर चालत होता. आपल्याच पट्ट्यातल्या एका गावचा, बौद्धवाडीतला. हात गोड आहे पोराचा. दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाला, “बुवा, माझा पणजा याच दिंडीत मागे चालायचा. आता आम्ही बौद्ध आहोत. मला पखवाज आवडतो म्हणून मी येतो. पण कीर्तनात कोणी म्हणाले, की बुद्ध म्हणजे आमचाच विठोबा, नववा अवतार, की मला कसेतरी होते. मग मी यावे का नाही?”

मंडळी, या प्रश्नाला हसून चालणार नाही. आपल्या संतांनी कित्येक अभंगांत पांडुरंगाला बौद्ध अवतार म्हटले आहे, हे खरे. जुन्या पंचांगांत दशावताराच्या चित्रात नवव्या जागी विठोबा उभा असे, हेही खरे. संतांनी ते प्रेमाने म्हटले. पण दुसरी बाजू ऐका. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके उलट म्हटले, की पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा झाल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी एक स्पष्ट प्रतिज्ञा आहे. त्या पोराच्या घरात ती प्रतिज्ञा घेतलेली आहे. आपण त्याला अवतार सांगतो, तेव्हा आपल्या दृष्टीने आपण त्याला जवळ घेत असतो. त्याच्या दृष्टीने आपण त्याच्या आजोबाचा शब्द मोडत असतो.

चीनमध्येही हे झाले होते. ताओवाल्यांनी एक ग्रंथ केला, की आमचा लाओ त्से पश्चिमेला गेला आणि तिकडे त्यानेच बुद्ध होऊन उपदेश केला. बौद्धांना ते फार लागले. शेकडो वर्षे वाद चालला. शेवटी कुबलाई खानाच्या राज्यात १२८१ मध्ये ताओवाल्यांचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. ग्रंथ जाळणे वाईटच. पण आग लागली कुठून ते बघा. तुझा देव म्हणजे माझाच देव, हे वाक्य कोण कोणाला म्हणतो, यावर ते गोड लागते का तिखट, हे ठरते.

विठ्ठलाच्या मुळाविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हे पुस्तक १९८४ चे, गवळी-धनगरांच्या देवापासून शैव, वैष्णव, बौद्ध, जैन असे सगळे धागे त्यांनी त्यात तपासले. ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी ते वाचावेच. पण त्या पोराचा प्रश्न मूर्ती मुळात कोणाची हा नव्हता. आपले नाव ठेवून दिंडीत चालता येईल का, हा होता.

आपली दिंडी सुरू झाली तेव्हा पंढरीचे देऊळ सगळ्यांना उघडे नव्हते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, तशी त्यांची माणसेही बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा कुठे दार उघडले. त्या आधीची वीसएक वर्षे आपल्याबरोबर चालत गेलेली काही माणसे पायरीला डोके टेकवून परत आली. या पोराचा पणजा त्यांतलाच. दिंडीची जुनी वही आम्ही या निमित्ताने पुन्हा चाळली. विणेकऱ्याचे नाव आहे, चोपदाराचे आहे, पंगत घालणाऱ्याचे तर गावासकट आहे. मागे चालणाऱ्या कित्येकांच्या जागी नुसते ‘इतर माणसे’ आणि आकडा. चोखोबांनी स्वतःचे नाव प्रत्येक अभंगात घातले, ते किती जपून घातले असेल, हे ती वही बघून आम्हाला कळले.

त्या पोराला आम्ही घाटात जे सांगितले तेच इथे सांगतो. बाबा, तू बौद्ध म्हणून ये. तुला विठोबा बुद्ध आहे असे म्हणायची गरज नाही, आणि बुद्ध विठोबा आहे असे आम्ही तुझ्या तोंडावर म्हणणार नाही. नरहरींच्या हाताला जे लागायचे ते देवाने लागू दिले. आम्ही मध्ये कोण? तो काही बोलला नाही. लोणावळ्यापर्यंत वाजवत आला आणि तिथून गाडीने परत गेला, खोपोलीच्या कारखान्यात त्याची रात्रपाळी होती. यंदा येणार का, ते त्यालाच ठाऊक.

काहींना हे पटणार नाही. मंडळींतही यावर दोन मते आहेत आणि ती असू द्यावीत. नाथांच्या भारुडातले ते दोघे आपल्यापेक्षा जास्त भांडले. पण दोन गोष्टींवर सगळ्यांचे एकमत झाले आहे, त्या जाहीर करतो. या स्मरणिकेत ‘इतर माणसे’ या नोंदीखाली मोकळी जागा सोडली आहे. आपल्या घरातले, वाडीतले, वाड्यावरचे कोण आजोबा, कोण आजी त्यात होत्या, हे ज्यांना आठवते त्यांनी नावे आणून द्यावीत. पुढच्या छपाईत ती येतील. आणि यंदाची नवी वही उद्या काल्यानंतर मंडपात उघडी ठेवलेली असेल. प्रत्येकाने आपले नाव आपल्या हाताने, आपल्याला हवे तसे लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे शेजारच्या पोरींनी लिहून द्यावे.

कार्तिकात खंडाळ्याच्या मुक्कामाला थंडी फार असते, घोंगडी विसरू नका. आता टाळ घ्या, हरिपाठाची वेळ झाली.

रामकृष्ण हरी.